डोसर की बिनडोसर

शिरोड्याचे भाई आरोंदेकर यांना घरगुती वापरासाठी कॉफी दळण्याचं यंत्र घ्यायचं होतं. घटना एवढीच. पुढे जे झालं त्याचा दोष यंत्राला देता येणार नाही.

भाईंची सगळी नोकरी मुंबईत, एका महामंडळाच्या खरेदी विभागात गेली. त्यांच्या कारकिर्दीत एकही चुकीची खरेदी झाली नाही, असं निरोप समारंभात साहेब म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. बरोबर किती झाल्या, हे विचारायची ती वेळ नव्हती. भाई गावी परतले आणि बंगळुरात नोकरीला असलेल्या त्यांच्या एकुलत्या लेकीने, सृष्टीने, एस्प्रेसोचं मशिन पाठवलं. "रविवारी सकाळी तुम्ही तिथे, मी इथे. व्हिडिओवर एकत्र कॉफी पिऊ, बाबा," असं तिने फोनवर सांगितलं, तेव्हा भाईंनी कॅलेंडरवरच्या सगळ्या रविवारांना खुणा केल्या.

पण मशिनला अगदी बारीक, एकसारखी दळलेली कॉफी लागते. मिक्सरमधल्या भुकटीतून पाणी गेलं तसंच, फक्त थोडं ओशाळून, बाहेर आलं. दळणयंत्र हवं होतं, आणि त्यात दोन प्रकार निघाले. डोसरवाल्यात दळलेली कॉफी आधी एका डब्यात पडते आणि खटका ओढला की मापाने खाली येते. बिनडोसरच्यात डबाच नाही. दळली की थेट मशिनच्या दांड्यात, म्हणजे मूठ असलेल्या गाळणीत.

"दोनय दळतत मा?" भाईंच्या पत्नीने, मथुराने विचारलं.

"दळतात."

"मगे एक घेवा आणि गप रवा."

"असं चालत नाही, मथुरा. दोन्ही पर्यायांचा तुलनात्मक विचार होणं आवश्यक आहे."

मथुरा भाजी चिरायला वळली. नवरा मालवणी सोडून कचेरीच्या मराठीत शिरला की त्या विषयाचं काहीही होत नाही, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

भाई सावंतवाडीला गेले. तिथे अनुजा नावाच्या तरुणीने तळ्याजवळ कॅफे काढला होता. तिने विचारलं, "घरी कोण कोण पितं, काका?"

"सध्या कुणी नाही. प्रस्तावित मी एकटा."

"मग बिनडोसर घ्या. डब्यात जुनी भुकटी साचून शिळी होते. आमच्यासारखं दिवसभर गिऱ्हाईक असेल तर ठीक." तिने एक कप पुढे सरकवला. "पिऊन बघा."

भाईंनी नम्रपणे नकार दिला. चव हा निकष त्यांनी ठरवलेल्या निकषांत नव्हता. शिवाय एकाच तज्ज्ञाच्या सांगण्यावरून खरेदी केली तर उद्या लेखापरीक्षणात काय उत्तर देणार? आता घरात लेखापरीक्षण कोण करणार होतं, हा भाग वेगळा. भाईंच्या मनात ते कायम चालू असायचं.

दुसरं मत म्हणून त्यांनी शेजारच्या धोंडूला विचारलं. धोंडूने गावच्या सोसायटीचं अध्यक्षपद केस काळे होते तेव्हापासून सांभाळलं होतं.

"मधी डबो होयोच," धोंडू म्हणाला. "थेट सोडलास तर सांडतली."

"पण डब्यात थोडी अडकून राहते, धोंडू."

"रवतलीच! जो मधी आसता तेच्याकडे थोडा रवताच. नायतर मधी ऱ्हवतलो कोण?"

"म्हणजे बिनडोसर हे थेट लाभार्थी हस्तांतरण झालं."

"झाला! आणि मगे आमी काय करूचा?"

हा प्रश्न धोंडूच्या जिवाला लागला. दुसऱ्या दिवशी तो मासळीबाजारात गेला, तिसऱ्या दिवशी न्हाव्याकडे, आणि चतुर्थी जवळ येईतो गावात डोसरवाले आणि बिनडोसरवाले असे दोन गट उभे राहिले. कॉफीचा दाणा कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे मतं अतिशय ठाम होती. पाहुण्याला आधी गट विचारून मग पाणी मिळू लागलं. भजनी मंडळ फुटलं. डोसरवाल्यांनी मृदंग नेला, बिनडोसरवाल्यांकडे झांजा उरल्या. भाईंचा कल बिनडोसरकडे असल्याचा संशय असल्यामुळे त्यांच्या घरी नुसत्याच झांजा आल्या आणि गणपतीसमोर आरती झाली ती भांडी पडल्यासारखी.

नेमकी त्याच चतुर्थीला सृष्टी घरी आली. सोबत ती ज्याच्याशी लग्न करणार होती तो सर्वेश आणि त्याचे वडील. वडील जन्माने बेळगावचे, मुक्कामाने बंगळुरचे आणि कॉफीचे मोठे दर्दी, असं भाईंना कळवण्यात आलं होतं. भाईंनी आठवडाभर धड झोप घेतली नव्हती.

सर्वेशचे वडील थेट मशिनपाशी गेले. मशिनवर मथुराने रुमाल अंथरून मोदकांचं ताट ठेवलं होतं.

"दळणयंत्र दिसत नाही?"

"विषय विचाराधीन आहे," भाई घाम पुसत म्हणाले.

सृष्टी वळली. "बाबा, मग दर रविवारी व्हिडिओवर तुमच्या कपात काय असायचं?"

भाईंनी मथुराकडे पाहिलं. मथुराने गणपतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोरी चाय. मी सांगलंय हेंका, चेडवाक खरा सांगा म्हणान."

सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून भाईंना वाटलं, जमीन दुभंगावी. एवढ्यात सर्वेशच्या वडिलांनी घसा खाकरला. "डोसर की बिनडोसर, यावर अडलंय का?"

"होय."

"आमच्याकडेही!" असं म्हणून त्यांनी भाईंना मिठी मारली. लग्न तिथेच ठरलं. दोन्ही व्याह्यांची संयुक्त समितीही ठरली असती, पण सृष्टीने डोळे पुसले, फोन काढला आणि जेवणाची पानं मांडून होईपर्यंत एक बिनडोसर यंत्र मागवून टाकलं. निर्णय इतक्या कमी वेळात होऊ शकतो, हे पाहून दोन्ही वडील सुन्न झाले.

विसर्जनानंतरच्या रविवारी भाईंनी कॉफी दळली. ती थेट दांड्यात पडली, थोडी ओट्यावर सांडली. धोंडू खिडकीतून बघत होता. त्याला फार बरं वाटलं. मशिन घुरघुरलं आणि कपात काळाभोर घोटभर ऐवज उतरला. फोनवर समोर सृष्टी होती. भाईंनी पहिला घोट घेतला. किराइताचा काढा याहून गोड असतो.

"कशी आहे, बाबा?"

"उत्तम!" भाई म्हणाले. "तुझी?"

"माझीपण." सृष्टीने कप घाईने खाली ठेवला. पण कडेवरून लोंबणारा चहाच्या पुडीचा दोरा भाईंना दिसला. त्यांनी दुसरा घोट घेतला. त्यांना लेकीविषयी इतकं प्रेम पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

गावातले दोन गट अजून कायम आहेत. दोघांकडेही माणसं कमी पडतात, म्हणून बाहेरच्यांनाही घेतात. एव्हाना तुमचंही एका बाजूला मत झालंच असेल. तुम्ही एस्प्रेसो प्यायला आहात का, आणि ती आवडली का, हे तिथे कुणी विचारत नाही.