तांबीची हिस्ट्री

आमच्या शेजारच्या सिस्टर कुणालाही भेटल्या की ‘कसं काय, बरं आहे ना’ असं विचारत नाहीत. ‘लघवी साफ होती का?’ असं विचारतात. रस्त्यात, लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या खिडकीतून, कुठंही. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा पोह्यांच्या बशा घेऊन त्याच पुढं झाल्या आणि होणाऱ्या व्याह्यांना त्यांनी हाच प्रश्न केला. व्याह्यांनी हातातली बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, “जरा जळजळ होते खरी.” लग्न जमलं. अजूनही व्याह्यांचा फोन आला की ते आमच्याआधी सिस्टरांची चौकशी करतात.

सिस्टर सरकारी नर्स होत्या. तीसेक वर्षं कवठे येमाईच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर आधी पायी आणि मग मोपेडवर फिरून त्यांनी बाळंतपणं केली. नवरा फार पूर्वीच वारला. मुलगा प्रवीण बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये. रिटायर झाल्यावर त्यांनी शिरूरात आमच्या भिंतीला भिंत असलेलं घर घेतलं. त्या रिटायर झाल्या, पण नोकरी काही थांबली नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो, एकदा घसा बसला म्हणून गोळी मागायला गेलो, तर म्हणाल्या, “आधी हिस्ट्री सांगा. हिस्ट्री लपवायची न्हाई.” माझी आजी कशानं गेली इथपर्यंत सांगून झालं, तेव्हा गोळी मिळाली. तोवर उरलासुरला आवाजही गेला होता.

तांबी ही त्यांची मांजर. रंग तांबूस म्हणून तांबी, असं त्या सांगतात. पण जन्मभर बायकांना तांबी बसवून कुटुंब नियोजन शिकवणाऱ्या बाईनं मांजरीचं हे नाव ठेवलं की गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावणारच. तांबीला दोन वेळा पिल्लं झाली आणि सिस्टरांनी तिचंही ऑपरेशन करून आणलं. “दोन बाळंतपणं बास,” त्या म्हणाल्या. “नेम तो नेम.”

तर ही शहाणी मांजर दिवाळीनंतर घरभर मुतायला लागली. यासाठी सभ्य शब्द शोधून शोधून मी दमलो, सापडला नाही. मातीचं घमेलं कोरडं, आणि हिची धार गादीवर, बाजरीच्या पोत्यावर, धुऊन घडी घातलेल्या लुगड्यांवर. भिंत एकच, त्यामुळे वास आमच्याकडं बसल्याजागी पोचायचा. परसातून उडी मारून ती स्वतःही यायची. सातवी ‘ब’च्या चाचणीच्या पेपरांवर ती एकदा सविस्तर बसून गेली. मी ते पेपर चिमटे लावून दोरीवर वाळवले आणि खिडकीत नाक बाहेर काढून तपासले. भिजलेल्या पेपरांना दोन-दोन मार्क जास्त दिले, कारण शेवटपर्यंत वाचवत नव्हतं.

मी तक्रार करत नाही. तक्रार करायला अंगात बळ लागतं, ते चार महिन्यांत संपलं.

उपाय सगळे झाले. दारात कुत्री बसू नयेत म्हणून लोक लाल पाण्याच्या बाटल्या ठेवतात, तशा ठेवून बघा, असं माझ्या बायकोनं, मंदानं सुचवलं. सिस्टरांनी घरभर अकरा ठेवल्या. तांबीनं एकेक हुंगली आणि दोन बाटल्यांच्या बरोब्बर मध्ये बसून कार्यक्रम उरकला. फिनेल झालं, लिंबू झालं, डांबरगोळ्या झाल्या. शेवटी सिस्टरांनी डब्याच्या झाकणात तिचा नमुना धरला, नोकरीतल्या उरलेल्या लघवी तपासायच्या पट्ट्या त्यात बुडवल्या आणि मला भिंतीवरून ओरडून सांगितलं, “सर, शुगर न्हाई, अल्बुमिन न्हाई. बाई निरोगी हाय.” मी तेव्हा जेवत होतो.

मग गुरांचा दवाखाना. पिशवीतून तोंड काढून ओरडणारी तांबी अर्थातच माझ्या मांडीवर. डॉक्टर एका गाईचं काम आटोपून, हात धुऊन आले. त्यांनी तांबीचं पोट चाचपलं आणि म्हणाले, “अंगात काही आजार दिसत नाही. घाबरलीये. टेन्शन आहे तिला. घरात काही नवीन आलंय का? माणूस, कुत्रं, सामान?”

“काय बी न्हाई,” सिस्टर म्हणाल्या. “हाय तसंच हाय सगळं.”

परत येताना वाटेत चार ओळखीची माणसं भेटली. सिस्टरांनी एकालाही लघवीचं विचारलं नाही. मला वाटलं, उन्हामुळं असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांचा भाजीचा डबा परत द्यायला गेलो. चप्पल दारात काढली. सिस्टर पलंगावर बसल्या होत्या, मांडीवर तांबी झोपली होती. समोरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती आणि तिच्या शेजारी एक पांढरा, गोल डोक्याचा कॅमेरा. दिवाळीच्या सुमारास प्रवीणनं तो कुरियरनं पाठवला होता. माहेरी आलेल्या माझ्या मुलीनंच तो लावून, वायफायला जोडून दिला होता. मी त्याला विसरूनही गेलो होतो. फळीवरचे दोघंही तेव्हा शांत होते.

एकाएकी कॅमेऱ्यानं मान गर्रकन फिरवली आणि खोलीभर आवाज आला, “आई, जेवलीस का? गोळी घेतली?”

तांबी मांडीवरून उडाली. पलंगाखालून, टेबलाखालून धावत दारात आली आणि कान पाडून, थरथरत, माझ्या चपलेवर मुतली.

“जेवले रे बाळा,” सिस्टर कॅमेऱ्याला म्हणाल्या. “तू?”

“मीटिंग आहे. ऐक, रविवारी पुण्याहून माझा मित्र येतोय. मांजर गाडीतून नेईल, लांब कुठंतरी सोडेल. किती दिवस पुसत बसणार तू? चल, ठेवतो.”

कॅमेऱ्याचा दिवा विझला.

“सिस्टर,” मी म्हणालो, “अहो, ती ह्या कॅमेऱ्याला भिते.”

“म्हाईत हाय.”

“माहीत आहे?”

“पयल्या आठवड्यातच कळलं. जल्मभर लोकांची हिस्ट्री घेतली, सर. घरातली कळंना व्हय मला?”

“मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?”

त्या उठल्या. फडकं आणलं आणि माझी चप्पल पुसायला खाली बसल्या. मी नको नको म्हणत राहिलो. “सांगितलं असतं तर ते म्हनले असते, काढा त्यो क्यामेरा. निसता फोन व्हता तवा मी लावायची, त्यो उचलायचा न्हाई. ह्याच्यात दिसातनं दोनदा आपनहून बोलतो. पुसायचं काय घिऊन बसलाय? सारी नोकरी पुसन्यातच गेली माझी.”

चार महिने नाकाला रुमाल लावून मी ह्या बाईला मनातल्या मनात बोल लावला होता. मला लाज वाटली.

“आणि रविवारचं काय?” मी विचारलं.

“तेच म्हंते मी. तिला लांब सोडली तर ती जगायची न्हाई. आन् क्यामेरा काढला तर मला हाक मारायला कोन हाय?” एवढं बोलून त्या फरशीवरच बसून राहिल्या. इतकं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी त्या आमच्या दारात. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, नवं बाळ धरावं तसं धरलेलं. टॉवेल उलगडला, आत कॅमेरा.

“सर, ह्यो तुमच्या हालमधी लावायचा. माझं वायफाय तुमच्यापतूर येतं का न्हाई?”

येतं. भिंत एकच आहे. कॅमेरा लावताना पासवर्ड आमच्या मुलीच्या हाती लागला, तेव्हापासून मंदा सगळ्या मालिका त्याच्यावरच बघते. नाही म्हणायला आम्हाला तोंड नव्हतं. मी टीव्हीशेजारची जागा पुसून दिली.

संध्याकाळी सिस्टर धुतलेलं लुगडं नेसून अर्धा तास आधीच येऊन आमच्या सोफ्यावर बसल्या. त्यांच्या मागं आमची हिरवी भिंत, माझ्या सत्काराचा मोठा फोटो आणि बनियनवर चहा पिणारा मी. कॅमेऱ्यानं मान फिरवली तसा मी उठायला लागलो, पण उशीर झाला होता.

“आई, जेवलीस का?”

“जेवले.”

“मांजर?”

“आज दिसभर कुठं घान केली न्हाई. एकदा बी न्हाई. त्या तुझ्या मित्राला नको म्हून सांग.”

“बघ, सुटली ना सवय आपोआप. बरं, सांगतो त्याला.” मग म्हणाला, “घर आवरलेलं दिसतंय आज. छान.”

दिवा विझला. मंदानं माझ्याकडं बघितलं, मी कपात बघितलं. पोराला आईच्या मागं दुसऱ्याचं घर आहे हे कळलं नव्हतं. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं ते सिस्टरांना आमच्यासमोर ते ऐकावं लागलं याचं.

“मोबाईलवर बारीक दिसतं त्याला,” सिस्टर आमच्याकडं न बघता म्हणाल्या.

“व्हय की,” मंदा म्हणाली. “तुमाला चहा टाकू?”

“टाका. कवा कवा त्यो लगीच परत बोलतो. बसते वाईच.”

त्यांनी पदर नीट केला आणि कॅमेऱ्याकडं तोंड करून बसल्या. मंदानं चहा आणला. तो प्यायला सिस्टरांनी पाऊण तास लावला. त्या दिवशी तो परत बोलला नाही.