भरमाण्णाचा काटा

आमच्या गल्लीतल्या भरमाण्णाच्या गिरणीत दोन बायकांनी एकदम बोललेलं चालत नसे. एकीनं तोंड उघडलं की दुसरीनं मिटायचं. "एका टायमाला एकच!" भिंतीवरच्या मीटरकडे बोट दाखवून तो खेकसायचा. बोलण्यानं वीज जळत नाही, हे मी शाळामास्तर म्हणून त्याला दोनदा समजावलं. "जळत न्हाय मास्तर, पण सवय लागती," हे उत्तर. कपाळ माझं!

बेळगावात कॅम्पाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची गिरणी. एक जातं पिठाचं, शेजारी मिरची कांडायचं यंत्र. महायुद्धाचे दिवस होते, पण भरमाण्णाचं युद्ध त्या मीटरशी. आमच्या घरच्या मीटरवर नुसते आकडे. त्याच्या मीटरवर आकड्यांशिवाय एक तांबडा काटाही होता. मीटर वाचायला येणाऱ्या गोविंदानं एकदा त्याला सांगितलं, "अण्णा, ह्ये मीटर दर अर्ध्या तासाची विजेची सरासरी ओढ काढतंय. म्हैन्यात ज्या अर्ध्या तासाला लई ओढलंसा, तितं काटा जाऊन बसतोय. मी खाली आणीपतोर हलत न्हाय. बिलात त्यो बी धरत्यात."

झालं! त्या दिवसापासून माणूस कामातून गेला.

सरासरी म्हटल्यावर त्यानं शक्कल काढली. जातं चालू असताना मिरचीचं यंत्र दहाच मिनिटं लावायचं, की बंद. पुढचा अर्धा तास लागला की परत दहा मिनिटं. तोवर बायका अर्धवट कांडलेल्या मिरचीपुढं शिंकत बसायच्या. त्या वर्षी आमच्या चटणीत अख्ख्या बिया आल्या, आणि बायकोनं त्याचा राग माझ्यावर काढला.

घरातही तेच. सैपाकघरात दिवा लावला की सोप्यात अंधार. आईवेगळी त्याची लेक शेवंता ताट हातात घेऊन दिव्यामागं फिरायची. तिच्या लग्नात तर सनई थांबल्याशिवाय यानं ताशा वाजू दिला नाही! पोरगी दिली कणकुंबीला, रानात. तिथं वीजच नव्हती. "बरं झालं, काट्याची कटकट न्हाय," एवढंच बोलला. दगडच हा, असं मी घरी येऊन म्हणालो.

दोन वर्षांनी एका दुपारी शेवंता गिरणीच्या दारात उभी. नवरा बाजाराला आला होता, त्याच्याबरोबर आलेली. परतीची मोटार सुटायला जेमतेम पाऊण तास. मी पिठाचा डबा घेऊन तिथंच होतो.

"आप्पा, गहू आणि मिरच्या आणल्यात. तिकडं गिरणी न्हाय. हातानंच दळती मी," ती म्हणाली आणि पिशवी पुढं केली. भरमाण्णानं पिशवी घेतली नाही. तिचा हात धरून तळवा बघितला. घट्टे पडले होते.

मग त्यानं जातं सुरू केलं. मिरचीचं यंत्र सुरू केलं. गिरणीतले दोन्ही दिवे लावले आणि लेकीला त्यांच्याखाली बसवलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

"अण्णा, काटा!" मी न राहवून ओरडलो.

"चढू दे की ओ!"

दळणाला आलेल्या बायका एकदम बोलत होत्या, कुणी त्यांना गप्प केलं नाही. अर्ध्या तासानं शेवंता पीठ-चटणी घेऊन गेली, तेव्हा काटा कधी नव्हे इतका वर बसला होता.

महिनाअखेर गोविंदा आला, तेव्हाही मी दळण घेऊन तिथंच होतो. एरवी भरमाण्णा म्हणायचा, "आधी काटा खाली आण, मग च्या." आज आधी चहा झाला, वर आणखी एक. शेवटी गोविंदानं आकडे लिहून घेतले, काटा खाली आणायला हात घातला, तर भरमाण्णानं मनगटच धरलं.

"जरा राहू दे रं. माझी लेक आलती, त्यो अर्धा तास हाय त्यो."

गोविंदा हळूच म्हणाला, "अण्णा, आणाय लागतोय." भरमाण्णानं हात सोडला आणि काटा खाली येईपर्यंत पाठ फिरवून उभा राहिला.

"मास्तर, शेवंताला एक कार्ड लिवून देता? घर लई खायला उठतंय ओ."

मी तिथंच बसलो. खुशाली झाली, जावयाला नमस्कार झाला.

"आणखी काय लिहू?"

त्यानं मीटरकडे बघितलं. "लिवा, आज काटा खाली आणला. आता परत चढवाय तू ये."