मालमत्ता क्रमांक ४१

गाडीचे कागद मी तपासणार, असं मी म्हटलं नसतं तर आज तिची चावी माझ्या पर्समध्ये असती. पण आमच्या घरात एकानं तरी शहाणं असायला हवं ना, म्हणून मी म्हटलं.

झालं असं की बाबांनी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. बाबा म्हणजे विश्वनाथ निमकर, सेक्शन ऑफिसर, गेली एकोणीस वर्षं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. सरकारी नोकरी त्यांच्या इतकी अंगात मुरली आहे की घरातल्या प्रत्येक वस्तूवर ते लाल ऑइलपेंटनं मालमत्ता क्रमांक टाकतात. इस्त्री १७, मिक्सर २३. कुकर १२ आणि कुकरची शिट्टीही १२, कारण सुट्या भागांवरसुद्धा नंबर हवा. कपाटात एक रजिस्टर आहे, त्यात सगळ्याची नोंद. (माझ्यावर नंबर नाही, पण मी जन्मले तेव्हा बाबा टूरवर होते म्हणून असेल.)

"गाडी सुभेदार हिंमतराव जगदाळेंची आहे," बाबा म्हणाले. "रिटायर होऊन गावी चाललेत. आपला माणूस आहे, बघायची काही गरज नाही."

"आपला म्हणजे? नातेवाईक?"

"कोरेगावचे आहेत."

"आणि आपण चिपळूणचे."

"दिल्लीत आल्यावर कोरेगाव आणि चिपळूण एकच."

बाबांच्या या आपल्या माणसांनी आम्हाला आजवर एक गळका गीझर, उन्हाळ्यात गरम हवा फेकणारा कूलर आणि माझ्यासाठी तीन स्थळं दिलेली आहेत. त्यामुळे माझं डोकंच फिरलं. म्हटलं, यार बाबा, जुनी गाडी घेताना सर्व्हिस हिस्ट्री बघतात, वॉरंटी आपल्या नावावर होते का ते बघतात, अपघात झालाय का ते बघतात. तालुका कोण बघतं?

"ठीक आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "तू तपास. सगळं स्वच्छ निघालं तर आठवड्याचे पाच दिवस गाडी तुझी, चावी तुझ्याकडे."

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. माझी नोकरी गाझियाबादला. रोज दोन मेट्रो, एक ई-रिक्षा आणि त्यात माझ्या मांडीवर कुणाची तरी भाजीची पिशवी. स्कूटी आहे, पण तिच्यावरून एवढ्या लांब आई जाऊ देत नाही. शिवाय स्कूटीला डावा आरसा नाही. तो दोन वर्षांपूर्वी माकडानं तोडून नेला (असं घरात सगळ्यांना ठाऊक आहे). बाबांनी त्याबद्दल कॉलनीच्या देखभाल कार्यालयाकडे तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जात माकडाचं वर्णनही होतं. ते मीच दिलं होतं, आणि चांगलं जमलं होतं.

तर मी कामाला लागले. कंपनीच्या वर्कशॉपमधून रेकॉर्ड काढायचं तर मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. मी सुभेदारांना फोन लावला.

"चार," ते म्हणाले. "पुन्हा चार. शून्य. नऊ. ओव्हर."

रेकॉर्ड आलं. सहा वर्षं, सहा सर्व्हिसिंग, सहाही ठरलेल्या तारखेला. एक दिवस इकडेतिकडे नाही. वाढीव वॉरंटी पुढच्या मार्चपर्यंत, आणि ती नव्या मालकाच्या नावावर होणारी. खरं तर मी आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. पण चावीइतकीच मला आणखी एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे बाबांचा आपला माणूस एकदा तरी उघडा पडणं. म्हणून मी खाली खाली वाचत गेले, आणि अगदी शेवटी, वेगळ्या रकान्यात, मला ते सापडलं. बॉडी रिपेअर. मागचा उजवा दरवाजा, चेप काढणे, रंगकाम.

तारीख मी वाचली नाही. माणसानं तारीख वाचावी.

रविवारी सकाळी आम्ही तिघं दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये सुभेदारांच्या क्वार्टरवर पोचलो. दारात गाडी उभी होती, पांढरी, दिल्लीत लाखभर असतात तशी. सुभेदार इस्त्रीच्या शर्टात सावधान उभे. त्यांच्या बायकोनं, ठकूबाई काकूंनी, पोहे पुढे केले. बाबा आणि सुभेदार कोरेगावच्या घेवड्यावर बोलू लागले. मी पाच मिनिटं सहन केलं आणि प्रिंटआउट टेबलावर ठेवला.

"काका, गाडीचा अपघात झालाय. तुम्ही बाबांना सांगितलं नाहीत."

"अक्षया," आई म्हणाली. या एका शब्दात आईची आठदहा वाक्यं असतात.

"पोरीला आधी पोहे खाऊ द्या की," काकू म्हणाल्या.

"अपघात झालेला नाही, ताई," सुभेदार म्हणाले. "अपघात आपण करतो. आम्ही तर गाडी उभी करून बसलो होतो. याला हल्ला म्हणतात."

"असं सगळेच म्हणतात. काही नोंद? काही पुरावा?"

"अगं, राहू दे," बाबा म्हणाले. "सुभेदारसाहेबांचा शब्द आहे."

"शब्द नको, बाबा. रेकॉर्ड हवं. तुम्हा लोकांचं हेच चुकतं. जरा कुणी मराठी बोललं की तुम्ही सही करून मोकळे."

सुभेदारांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान पसरलं. असं कुणी तरी विचारावं याची ते बहुधा दोन वर्षं वाट बघत होते. ते आत गेले आणि एक जाड डायरी घेऊन आले. चष्मा लावला, घसा साफ केला.

"दिनांक चौदा फेब्रुवारी. वेळ चौदाशे पाच. ठिकाण, कोपर्निकस मार्ग."

माझा पोह्यांचा घास होता तिथेच थांबला.

"शत्रू: निळी स्कूटी, एक. चालक: मुलगी, एक. हेल्मेट गुलाबी. मागून वेगात आली, उजव्या दरवाजाला धडक दिली, मंडी हाऊसच्या दिशेनं पसार. पाठलाग शक्य झाला नाही, कारण हातात साबुदाणा वडा, गरम."

"मी आत बसले होते की," काकू म्हणाल्या. "मागं वळून 'सॉरी अंकल' म्हणाली आणि सुटली. मी एवढी समोर, पण सॉरी आंटी काही म्हणाली नाही. म्हणून ध्यानात राहिलं."

मी घाईघाईनं म्हणाले, "बरोबर आहे काका, एवढं पुरे. माझं समाधान झालं. बाबा, गाडी उत्तम आहे, घेऊन टाकू या."

"नाही नाही," बाबा म्हणाले. त्यांना माझा हा नवा समजूतदारपणा खटकला असावा. "तू म्हणतेस तेच बरोबर. तपासायचं तर पूर्ण तपासायचं. पुरावा आहे का, सुभेदारसाहेब?"

आयुष्यात पहिल्यांदा बाबांना माझं म्हणणं पटलं, आणि तेही नेमकं तेव्हा.

सुभेदारांनी गाडीची डिकी उघडली. स्टेपनी होती, जॅक होता, आणि जॅकच्या शेजारी वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली एक वस्तू. त्यांनी कागद हळूहळू सोडवला. आत स्कूटीचा डावा आरसा होता. निळा. त्यांनी तो उलटा केला. पाठीवर लाल ऑइलपेंटनं, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: मा. क्र. ४१.

"आम्हाला वाटलं कुठल्या तरी खात्याची स्कूटी असेल," सुभेदार म्हणाले. "दोन वर्षं विचारतोय, पत्ता लागत नाही. पण अक्षर मराठी. ठकूला मी तेव्हाच म्हणालो, कुणी का असेना, माणूस आपलाच आहे."

बाबांनी आरसा हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग आरसा सरळ केला, त्यामुळे त्यात मी दिसू लागले.

"चौदा फेब्रुवारीला तू लायब्ररीत होतीस," ते म्हणाले.

"लायब्ररी दुपारी बंद होती, म्हणून आम्ही वडे खायला..."

"आम्ही?" आई म्हणाली.

इथून पुढची वीस मिनिटं मी गाळते. (नीरजचा या कथेशी काही संबंध नाही. तो मागच्या सीटवरही बसलेला नव्हता, दुसऱ्या स्कूटीवर होता, आणि धडक झाल्यावर माझ्याही पुढे पळाला. ते प्रकरण तिथेच संपलं.)

मी सॉरी म्हटलं. अंकलना आणि मुद्दाम आंटींना वेगळं. काकूंनी माझ्या बशीत आणखी पोहे वाढले आणि म्हणाल्या, "पोरीची जात, घाबरली असंल." सुभेदारांनी डायरीत तारीख घालून लिहिलं, "शत्रू स्वतःहून हजर," आणि पान बंद केलं.

गाडी बाबांनी घेतली. वॉरंटी नावावर झाली, सगळे कागद आरशासारखे स्वच्छ. परतताना मी हळूच चावीचा विषय काढला.

"गाडीचा इतिहास स्वच्छ आहे," बाबा म्हणाले. "चालकाचा तपासायला घेतला आहे." चावी आईच्या पर्समध्ये गेली, आणि तिच्यावर दुसऱ्याच दिवशी लाल नंबर पडला. आईला गाडी चालवता येत नाही. पण तिचं रेकॉर्ड चांगलं आहे.

प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं. पण बाबांच्या मते एका निरपराध माकडावर तीन अर्जांचा आरोप राहणं योग्य नव्हतं. त्यांनी मला टेबलाशी बसवलं आणि चौथा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. विषय: माकडाविरुद्धची तक्रार मागे घेणेबाबत. सदर माकड निर्दोष असून आरसा खाली सही करणारीनेच तोडला आहे, तरी क्षमा असावी. इंग्लिश ऑनर्सची माझी पदवी शेवटी या मजकुरासाठी कामी आली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आई मटार सोलत होती, मी मेट्रोतून चेंगरून नुकतीच घरी आले होते. बाबांनी पत्र मोठ्यानं वाचलं.

"आपल्या चारही अर्जांची एकत्रित दखल घेण्यात आली आहे. आरसा तोडणाऱ्या दोषीला पकडून शहराबाहेर जंगलात सोडण्यात आलं असून प्रकरण बंद करण्यात येत आहे."

आईनं मटारातून मान वर केली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"मग ही अजून इथे कशी?"