सुटकेचा महाल आणि तव्यावरची भाकरी

श्री. वाग्देवता लिहिणाऱ्यास शब्द देवो, वाचणाऱ्यास धीर देवो, आणि मधल्या चुका दोघांनीही पोटात घालाव्या. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर, श्रावण मास. संवत्सर मोजताना बोट चुकले असल्यास दोष आमचा, काळाचा नाही. त्या वर्षी एका राज्यात, ज्याचे नाव आम्हांस कोणत्याही पोथीत सापडले नाही, सुटकेच्या महालाचा प्रकार घडला, तो ऐकिला तैसा लिहितो. वाचणारे आम्हांहून जाणते असतील, त्यांनी सांभाळून घ्यावे.

त्या राज्यात एक चाल होती, ऐसी चाल दुसरीकडे असल्याचे आमच्या वाचनात नाही. दर पौर्णिमेस सदर भरे, आणि महाराज सर्वांस पुसत की, "गेल्या पौर्णिमेपासून जे जे नवे केले, त्यातले काय आठवते?" जे कोणासच आठवेना ते बंद करावे, ऐसा दंडक. या दंडकाने एक कारंजे बंद जाहले, दोन सण बंद जाहले, आणि एकदा एक मंत्रीच कोणास आठवेना, तेव्हा तोही बंद जाहला. अशा राज्यात अंतोबा कासार म्हणून कुलुपे करणारा होता. हात ऐसा की कुलूप बोलते करावे. त्याणे महाराजांपाशी अर्ज केला की, "एक दालन मिळाल्यास सुटकेचा खेळ मांडतो. खेळणारांस आत कोंडावे, घटिकापात्र तीन वेळा बुडेतो अवधी द्यावा, तितक्यात त्यांणी आपल्या अकलेने बाहेर यावे." महाराज नवलाचे भोक्ते. त्यांणी हत्तींच्या पीलखान्याशेजारचे, नदीकाठचे दालन दिधले आणि मग अंतोबाने त्यात कुलुपांचे रान उठविले. पितळी माशाच्या तोंडात किल्ली, किल्लीने पेटी, पेटीत पेटी, तीत श्लोक, श्लोकात आकडे, आकड्यांनी फिरणारे चक्र, आणि जागोजाग पाट्या की येथे हात लावू नये. बाहेर भालदार उभा, तो कोणी अडले की ओरडे, "डावीकडे पाहावे हो!"

पहिल्या दिवशी महाराज स्वतः गेले, संगे सरनौबत सुभानराव, जे दार दिसले की खांदा लावीत, आणि महाराजांच्या आत्यासाहेब, ज्या कोणास भीत नसत. तिघे पात्र तिसऱ्यांदा बुडण्याआधीच बाहेर आले, वाद्ये वाजली, आणि अंतोबास शेला मिळाला. मग पौर्णिमा आली. महाराजांनी पुसिले, "सुटकेच्या महालात काय केले?" सुभानराव मिशीस हात लावून बोलिले की, "उघडले." "काय उघडले?" "जे बंद होते ते, महाराज." आत्यासाहेब बोलिल्या की, "माझी बांगडी त्या माशाच्या दातात अडकली, तेवढं आठवतं. मेला तो मासा, अजून सोडली नाही." महाराजांनी स्वतः पुष्कळ आठवून पाहिले, काही हाती येईना. मग ते नवल करून बोलिले की, "लहानपणी आम्ही एकदा बाजारात हरवलो होतो. कोणत्या दुकानी रडलो, दुकानदारीणबाईने डोळे कोणत्या पदराने पुसले, तो पदर कसल्या रंगाचा, सारे आठवते. आणि परवाच्या दालनाचे काहीच नाही. हे कसे?" सदरेत जो तो शेजाऱ्याकडे पाहू लागला. आम्हांस पुसते तर आम्हीही तेच करतो.

दिवाण नरहरपंत याच घडीची वाट पाहात होते. ते पुढे होऊन बोलिले की, "बांगडी आत्यासाहेबांची, महालाची नव्हे. दंडक स्पष्ट आहे. दालनात हत्तींचा कडबा भरावा. आणि अंतोबाचा हात वाया का जावा? बंदीखान्याची कुलुपे जुनी जाहली, ती यापुढे याणेच करावी, जन्मभर." हे ऐकून अंतोबाचे तोंड उतरले. ज्या हाताने लोकांनी हसत उघडावी ऐसी कुलुपे केली, त्याच हाताने कोणीच उघडू नये ऐसी करावी, हे त्यास मरणाहून वाईट वाटले. महाराजांस दया आली आणि त्यांणी एका पौर्णिमेची मुदत दिधली. "पुन्हा मांड. पुढील सदरेस आठवले तर महाल तुझा. नाही तर दिवाणजी म्हणतात ते."

अंतोबा घरी येऊन आणखी कठीण कुलुपे आखू लागला. त्याची बायको सगुणाबाई भाकऱ्या थापीत होती. ती पुसती जाहली, "अहो, त्या दालनात राहतं कोण?" "कोणी नाही. खेळाची जागा ती." "मग कुलूप लावलं कुणी?" अंतोबाने हातातला आराखडा खाली ठेविला. सगुणाबाई बोलिली, "कुलूप लावणारं माणूस असतं. त्याला काहीतरी राखायचं असतं, कुणाचं तरी भय असतं. तुमच्या दालनात माणूसच नाही. लोक येतात, कुणाच्या घरात आलो ते कळत नाही, कशासाठी बाहेर पडायचं ते कळत नाही, आणि माशाच्या दातांत बांगड्या मोडून घेतात." अंतोबा रागावून बोलिला की, "मग तूच मांड!" ती बोलिली, "मांडते. तुम्ही मला एकच कुलूप करून द्या." तो कारागीर, त्यास एक कुलूप म्हणजे अपमान वाटला, परंतु बंदीखान्याची आठवण होऊन त्याणे मान हलविली. मग दोघांनी दालन रिते केले. पाट्या काढिल्या, कारण, सगुणाबाई बोलिली, लोकांच्या घरी अशा पाट्या असतात का? भालदारासही घरी धाडिले. चूल मांडिली, ती खरी पेटविली. काठवटीत पीठ मळून ठेविले, दांडीवर ओले लुगडे वाळत घातले, कोनाड्यात दिवा. "आणि किल्ली कोठे लपवू?" अंतोबाने पुसिले. "लपवायची कशाला? बाई बाहेर जाताना किल्ली कुणाकडे ठेवते? शेजारणीकडे." "आणि माझी कारागिरी?" "ती दारात आहे की. गप्प बसा."

ठरल्या दिवशी महाराज, सुभानराव आणि आत्यासाहेब पुन्हा आले. दाराशी अंतोबाने महाराजांचा शिरपेच उतरविला आणि खांद्यावर घोंगडे दिधले, आणि अडखळत बोलिला की, "आपण तिघे परमुलखातले पिंजारी. तेथील राजाचे स्वार आपल्या पाठीवर आहेत. हे गंगाक्का नावाडणीचे घर. ती तुमच्याआधीच्या फरारी लोकांस पुरातून पलीकडे पोचवावयास गेली आहे. नदीकडच्या दाराबाहेर दुसरी होडी बांधली आहे. स्वार येण्याआधी निघावे." आणि मग दार लागले. आत धुराचा वास, ताज्या पिठाचा वास, आणि दूर घोड्यांच्या टापा. आत्यासाहेब हळूच बोलिल्या, "तवा तापलाय. बाई आत्ताच उठून गेली." आणि ऐसे सांगतात की त्या क्षणापासून तिघे हलक्या आवाजात बोलू लागले, जरी त्यांस तैसे कोणी सांगितले नव्हते. हे का व्हावे, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परक्याच्या घरी यजमान नसता माणूस हळू बोलतो, इतकेच सुचले.

नदीकडच्या दारास अंतोबाचे कुलूप होते. सुभानरावांनी खांदा लाविला. तोच भिंतीतली झडप उघडली आणि शेजारीण ओरडली. ती सगुणाबाईच, पदर कपाळापर्यंत ओढलेली. "मोडा, मोडा! गंगाक्का आल्यावर तिला काय सांगू? पाहुणे आले होते आणि दार खाऊन गेले?" सुभानराव मागे सरले. महाराज बोलिले, "बाई, किल्ली द्या." "द्यायची की. माझं पितळी पातेलं गंगाक्काकडे राहिलंय. ते आणा, किल्ली न्या." महाराजांनी फळीवरचे पातेले शोधून झडपेतून दिधले. शेजारणीने आत पाहिले, पातेले परत ढकलिले आणि झडप लाविली. पलीकडून तिणे झडपेस पाठ लावून धरिली म्हणतात, कारण राजाच्या तोंडावर झडप लावणे लहान गोष्ट नव्हे. सुभानराव बोलिले, "महाराज, हुकूम व्हावा, भिंत पाडतो." महाराज बोलिले, "पातेले तर दिले! आता काय हवे?" तेव्हा आत्यासाहेबांस हसू आवरेना. त्या बोलिल्या, "अरे, रिकामं भांडं परत देतात का कुणी? काही नाही तर चिमूटभर साखर घालतात." "आम्हांस हे कोणी सांगितले नाही." "तुला कोण सांगणार बाबा? तुझ्याकडे भांडी येतात, जात नाहीत."

महाराजांनी डबे धुंडिले, साखर नाही, गूळ नाही. काठवटीत मळलेले पीठ तेवढे होते. आत्यासाहेब बोलिल्या की, "माझे गुडघे चुलीशी बसायचे नाहीत. सुभानराव, जाळ घाला. तू थाप." आणि महाराज चुलीपुढे बसले, आणि तळहाती पीठ घेतले, आणि पहिली भाकरी मधेच फाटली, आणि सुभानराव जाळास फुंकर घालता घालता बोलिले की, "महाराज, किल्ल्याचा नकाशा काढता काय?" आणि आत्यासाहेब बोलिल्या, "कडेनं, कडेनं थाप, मधे काय मारतोस?" आणि टापा जवळ येत होत्या. दुसरी भाकरी उतरली. एका बाजूस करपली, परंतु भाकरी जाहली. ती पातेल्यात घालून दिधली. झडपेतून शेजारीण बोलिली, "सुखी राहा रे बाबा," आणि किल्ली आली.

मग कुलूप उघडले, दार उघडले, बाहेर घाट, होडी, वारा. घटिकापात्र तिसऱ्यांदा काठापर्यंत भरले होते. सुभानराव होडीत उडी घालणार, तोच महाराज उंबऱ्यावर थांबले. बोलिले, "ते पीठ कोणासाठी मळले होते?" "तिच्यासाठीच असणार," आत्यासाहेब बोलिल्या. महाराज बोलिले, "ती पुरातून नाव ओढीत येईल. घरात आता काय आहे?" "महाराज, स्वार!" सुभानराव ओरडले. महाराज माघारी फिरले. डब्यात थोडे कोरडे पीठ होते, ते पाण्यात मळून त्यांणी भाकरी थापिली आणि तव्यावर टाकिली. इतक्यात घटिकापात्र बुडाले, पुढचे दार फुटले, आणि अंतोबाने उभे केलेले स्वार आत शिरून महाराजांस दंडास धरू लागले. तेव्हा महाराज पिठाचे हात वर करून बोलिले की, "थांबा! तव्यावर भाकरी आहे, जळेल." आणि ते नकली स्वार खरोखरच थांबले. महाराजांनी भाकरी उलटली, उतरविली, फडक्याने झाकिली, आणि मग कैद जाहले.

याप्रमाणे महाराज हरले. अंतोबा बाहेर डोके धरून बसला. "सुटकेच्या खेळात राजा पकडला गेला, सगुणा. संपलं." ती बोलिली, "झडप लावली तेव्हाच मी संपले होते. आता जे होईल ते होवो." दिवाणजींनी दुसऱ्याच दिवशी बंदीखान्याच्या दारांची मापे घेण्यास सुतार धाडिला.

भाद्रपदाची पौर्णिमा आली. सदर भरली. दिवाणजी उठले आणि बोलिले की, "दंडकाप्रमाणे पुसावे. महाराज, त्या महालात कुलुपे किती होती?" महाराज विचार करून बोलिले, "ठाऊक नाही. एखादे असावे." दिवाणजींनी अंतोबाकडे पाहिले आणि बोलिले, "मग कडबा भरावयास..." तोच महाराज पुढे वाकून अंतोबास पुसते जाहले, "गंगाक्का आली का? भाकरी गार जाहली असेल." सुभानराव मागून बोलिले, "एका कडेस कच्ची होती, महाराज, मी तेव्हाच सांगणार होतो." आत्यासाहेब बोलिल्या, "कच्ची नव्हती. पहिलीपेक्षा बरी होती. लुगडंही तसंच राहिलं दांडीवर, कुणी काढलं की नाही देव जाणे." आणि मग तिघे सदर विसरून आपसात वाद घालू लागले की चुलीत लाकूड होते की गोवरी, शेजारीण रागीट की नुसती तोंडाळ, आणि पुरात नाव आणणारी बाई कुठवर आली असेल. बाकीचे मानकरी, जे त्या दालनात कधी गेले नव्हते, तेही पुसू लागले, "मग? मग काय जाहले?" अंतोबाच्या डोळ्यांस पाणी आले. तो इतकेच बोलिला की, "महाराज, ती येईल. भाकरी झाकलेली आहे."

महाल राहिला. दिवाणजी हळूच बोलिले की, "मग बंदीखान्याची कुलुपे?" आत्यासाहेब बोलिल्या, "असू द्या जुनी. कैद्यांना तेवढीच आशा." महाराजांनी दुसरी आज्ञा केली, ती कोणाच्या ध्यानी नव्हती. मुदपाकखान्याच्या कोठीत रयतेने आजवर नजराण्यासंगे आणिलेले तांबे, पातेली, डबे धूळ खात होते. ते ज्याचे त्यास परत धाडावे, आणि एकही रिकामे जाऊ नये. गाडे भरभरून भांडी निघाली, कोणात गहू, कोणात गूळ. तो दिवस त्या राज्यात अद्याप सांगतात. दिवाणजींच्या घरूनही बरीच निघाली.

तात्पर्य लिहावे तर लेखणी कचरते. पुष्कळ पोथ्या चाळल्या, तरी खेळ कशाने लक्षात राहतो हे एका ओळीत सांगणे आम्हांस साधले नाही. कुलूप उघडले की मन तेथून निघते, आणि कोणाची भाकरी झाकून ठेविली की मन तेथेच बसून राहते, इतके दिसते. चुकत असू. गंगाक्का नावाची बाई त्या राज्यात कधी जन्मलीच नव्हती. तरी नदीस पूर आला की महाराज खिडकीशी येऊन पुसत, "पलीकडून नाव आली का?" आणि पाहारेकरी, ज्यास सर्व ठाऊक होते, तोही आधी नदीकडे नीट पाही आणि मगच उत्तर देई.