हकीकत चुंबके इंजिनात उतरली त्याची

राज्ये येतात, राज्ये जातात, गाड्यांची तेले काळी होतात आणि बदलली जातात, हा जगाचा रिवाजच आहे. परंतु तेलात चुंबक सोडले असता तेल स्वच्छ राहते किंवा कसे, या एका मुद्द्यावर सासरा आणि जावई यांजमध्ये जो कलह माजला, आणि त्यातून एका घरावर जो कठीण प्रसंग गुदरला, त्याची बित्तंबातमी ठेवणारा आम्हांखेरीज कोणी उरला नाही. सबब पक्षपात न करिता (जावयाचा थोडा करोन) साद्यंत मजकूर लिहिला आहे. वाचणाराने हसू आवरावे. आम्हीही मोठ्या मिनतवारीने आवरले आहे.

तर ते समयी गल्लीचे तोंडाशी शिलाईच्या दुकानी राजमान्य मास्टर, कातरबहाद्दर, अस्तरपन्हा, हे राज्य करीत होते. दिमतीस दोन यंत्रे, एक इस्त्री आणि कोटाच्या गुंडीएवढे एक गोल चुंबक, ज्याजकडे सांडलेल्या टाचण्या गोळा करण्याची कामगिरी होती. मास्टरांचे कुटुंब बाईसाहेब, मोटरसायकल हाकण्यात ऐसी तरबेज की रस्त्यावर सांडलेली वाळूही त्यांस वाट देई. ती तांबडी मोटरसायकल बाईसाहेबांचे वडील, गॅरेजाधीश वस्ताद, यांनी भंगारातून एकेक नट वेचोन स्वहस्ते बांधिली आणि लेकीस दिली, आणि देतेसमयी जावयाकडे पाहोन फर्मान सोडिले की, "गाडी पोरीची आहे. जावईबापूंनी फक्त मागे बसायचं." हा बोल मास्टरांचे काळजात जो रुतला तो रुतलाच. त्यांस वस्तादांकडून एकच शब्द पाहिजे होता, 'शाब्बास'. तो काही येईना.

मग एके दिवशी जेवणाचे पंक्तीस मास्टरांनी मसलत मांडिली की, इंजिनात लोखंडावर लोखंड घासते, त्याचा कीस तेलात उतरतो, आणि दुकानी आमचे चुंबक टाचणी सोडीत नाही, तर तेलातला कीस काय म्हणोन सोडील? हे ऐकोन वस्ताद ऐसे हसले की ठसका लागोन त्यांस पाणी द्यावे लागले. "चुंबकानं तेल साफ होत असतं, तर मी जन्मभर हात काळे कशाला केले असते?" ऐसा त्यांनी निवाडा दिला. बाईसाहेबांनी कोणाचाच पक्ष न घेता उभयतांस अन्न निवण्याआधी जेवोन घ्या म्हणोन सांगितले.

पुढे मोठा दिवस उगवला. बाईसाहेबांस गाडी शिकविणाऱ्या शाळेतून बोलावणे आले, शिकविणारीण म्हणोन घेण्याआधी दुपारी परीक्षा, आणि गाडी आपली आपण आणावी ऐसा दंडक. बाईसाहेब तोवर कारखान्यात खोकी भरण्याचे काम उभ्याने करीत, आणि घरी येत तो पाय सुजोन चपलेत मावत नसत. हे काम मिळाले तर ते सुटणार होते. महिनोन्महिने त्यांनी मागील अंगणात विटा मांडोन त्यांतून वळणे घेण्याचा सराव केला होता. त्या दिवशी सकाळी त्या कारखान्यात अर्धी पाळी भरोन येण्यास गेल्या आणि गाडी अंगणी उभी राहिली, आणि मास्टरांचे मनात दुर्बुद्धी म्हणा, प्रीती म्हणा, काय ते संचरले.

ते मनी म्हणाले, आज हिची गाडी आतून धुतल्या कपड्यासारखी निघाली पाहिजे, आणि फत्ते जाहली म्हणजे मग सासऱ्यांस सांगो. म्हणोन त्यांनी कॉलरीस वापरायचा मजबूत दोरा दुहेरी घेतला, गोल चुंबकास बांधिला, तेल ओतायच्या भोकाचे बूच काढिले आणि सरदारास आत उतरविले. परंतु दोऱ्याचे आणि तेलाचे कधी पटले आहे? गाठ सुटली, आतून 'टण्' ऐसा आवाज आला, आणि दोरा एकटाच वर आला. मास्टरांस घाम फुटला. तोच त्यांस दुसरी आठवण जाहली की, सकाळी दुकान झाडोन चुंबक तैसेच खिशात टाकिले होते, आणि सरदार आत गेले ते टाचण्यांचे अवघे लष्कर अंगावर घेवोनच गेले.

मग कुमक धाडावी ऐसे ठरले. मास्टरांनी स्वयंपाकघरातील कपाटाचे दार धरोन ठेवणारे चपटे चुंबक पेचकसाने उचकटिले (दार तत्क्षणी 'आ' वासोन लोंबू लागले), त्यास मेणाचा दोरा तीन फेरे आवळिला आणि पहिल्याचे सुटकेस रवाना केले. दुसऱ्याने आत कशास तरी ऐसी मिठी मारिली की मास्टर ओढता ओढता मागे बसले, आणि हाती पुन्हा नुसता दोरा. एक गेला तो गेला, सोडवावयास गेला तोही तिकडचाच जाहला.

इतक्यात लेकीस निरोप द्यावा म्हणोन खासे वस्ताद दाखल जाहले. मास्टरांनी प्रथम हवापाण्याच्या गोष्टी काढिल्या, त्या चालेनात.

"बाबा, चुंबक आत पडलंय."

"किती?"

"दोन."

"आणि?"

"टाचण्या."

वस्ताद विटांवर बसले. "टाचण्या किती?"

"चिकटतील तेवढ्या. टाचण्या मोजून कोण उचलतो हो?"

मग वस्तादांनी जे शब्द उच्चारिले ते लिहिण्यास आमची लेखणी धजत नाही. त्यांचा इत्यर्थ इतकाच की, एक टाचणी जरी गिअरांचे दातात सापडली तरी इंजिन बसले, इंजिन बसले की परीक्षा बुडाली, आणि परीक्षा बुडाली तर पोरीस तोंड दाखविता न येवोन आपणांस गाव सोडावे लागेल. मास्टरांचे डोळ्यांस पाणी आले. ते म्हणाले की, मला काय म्हणायचं ते म्हणा, पण तिची गाडी वाचवा.

वस्ताद उठले आणि घमेले खाली सरकवोन तेल सोडायचा रुंद बोल्ट खोलू लागले, परंतु मध्येच थांबोन जावयास म्हणाले की, तुम्ही आत जाऊन चहा टाका. मास्टर हलेनात. वस्तादांनी पाणी मागितले, फडके मागितले, हातपुसणे मागितले, तरी मास्टर रोवल्यासारखे उभेच. अखेर नाइलाज होवोन बोल्ट निघाला, तेल भळभळले, आणि पाहतात तो बोल्टाचे टोकासही एक चुंबक बसविलेले. त्यास मास्टरांचे गोल चुंबक बिलगले होते, त्यास कपाटाचे चपटे, आणि तिघांचे अंगावर टाचण्या साळिंदराप्रमाणे उभ्या.

वस्ताद बोल्ट फडक्याआड झाकू लागले.

"ते कंपनीचंच असतं," वस्ताद म्हणाले.

"गाडी तर तुम्ही बांधलीत, बाबा."

वस्तादांचे कान तांबडे जाहले. मग त्यांनी कबुली दिली की, पोरीची गाडी म्हणोन आपणच तो बोल्ट शोधोन बसविला. चुंबक लोखंडाचा कीस धरते हे खरे, परंतु काजळी धरीत नाही, ॲल्युमिनियमचा चुरा धरीत नाही, क्लचचा भुगा धरीत नाही, सबब चुंबक असो वा नसो, तेल वेळेवर बदलावेच लागते.

"मग त्या दिवशी हसलात कशाला?"

"आता जावयाला हो म्हणायचं म्हणजे..." इतके बोलोन वस्ताद घमेल्यात पाहू लागले.

यावर भांडण्यास अवकाश नव्हता. मास्टरांनी दुकानातून तलम अस्तर आणोन चौपदरी केले आणि त्यातून तेल ऐसे गाळिले की वस्तादही पाहत राहिले. बोल्ट पुसोन लाविला, तेच तेल पुन्हा ओतिले, गाडी गिअरात घालोन उभयतांनी अंगणात पुढे लोटिली, मागे लोटिली, पुन्हा बोल्ट काढिला, तो एक टाचणी आली. पुन्हा सारे केले, काही आले नाही. पुन्हा केले, तरी काही आले नाही. मग नव्या तेलाचा डबा फोडिला, आणि वस्तादांनी पेचकसाचे टोक इंजिनास आणि मूठ कानास लावोन बराच वेळ ऐकिले, आणि मान हलविली. "गाळलंस मात्र झकास," ते म्हणाले. इतक्या वर्षांत प्रथमच अरेतुरे जाहले, ते मास्टरांस पदवीहून मोठे वाटले. मग तह ठरला की, यातील एक अक्षर बाईसाहेबांचे कानी जावो नये.

बाईसाहेब आल्या. त्यांनी लोंबते दार पाहिले, काळे अस्तर पाहिले, कोपरापर्यंत माखलेले दोन पुरुष सावधान उभे पाहिले. "गाडी चालते ना?" इतकेच त्यांनी पुसिले. उभयता एका सुरात "एकदम!" म्हणाले. बाईसाहेब शिरस्त्राण चढवोन निघोन गेल्या.

मग जो काळ गेला तो शत्रूसही येवो नये. मास्टरांनी एका गिऱ्हाइकाचे विजारीस बाही जोडिली, आणि वस्तादांनी कपाटाचे दार ऐसे दुरुस्त केले की ते पुढे उघडेनाच. सायंकाळी गाडीचा आवाज वळणावर आला. आवाज साफ होता. बाईसाहेबांनी हेल्मेट काढोन काम मिळाल्याचे जाहीर केले, तो मास्टर पायरीवर बसोन चक्क रडले आणि वस्तादांचे नाकात काहीतरी गेले.

"वळणं तर घेतलीच," बाईसाहेब म्हणाल्या. "मग परीक्षेच्या साहेबांनी तोंडी विचारलं, इंजिन ऑइल खराब होऊ नये म्हणून काय काळजी घेता?"

"मग? चुंबकाचं सांगितलंस?" उभयतांनी एकदम पुसिले.

"म्हटलं, तेल वेळेवर बदलते, आणि वडील आणि नवरा या दोघांना गाडीपासून लांब ठेवते. साहेब इतके हसले, पुढचं काही विचारलंच नाही."

येणेप्रमाणे चुंबकांची मोहीम फत्ते जाहली. टाचण्या दुकानी, चुंबके ज्याच्या त्याच्या जागी, आणि सासरा-जावई सहा हात अंतरावर, ऐसा बंदोबस्त बाईसाहेबांनी करोन दिला. फत्ते नेमकी कोणाची, हे आम्हांस पुसो नये. लेखनसीमा.