सातवं कलम आणि जुनी गादी

तो अर्ज जावईबापूंनी त्याच दिवशी खिडकीत दिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. दोन मिनिटांचं काम. पण अर्जाला घड्या पडल्या होत्या, आणि घडी पडलेला कागद पुढे सरकवायचा म्हणजे जावईबापूंच्या अगदी जिवावर यायचं.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. ते परवाना खात्यात हेडक्लार्क. पण त्यांच्या सासूबाईंचा सहा टेबलांचा बार होता, तिथली नेहमीची मंडळी त्यांना जावईबापू म्हणायची, आणि बघता बघता ते नाव ऑफिसात, दुकानात, जिन्यात सगळीकडे चिकटलं. (बायकोसुद्धा चिडली की "अहो" सोडून थेट "जावईबापू" म्हणायची. तेव्हा ते आधी बूट शोधत.)

खिडकी नंबर एक ही त्यांची. सत्तावीस वर्षं. काचेवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली होती : "घडी पडलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही." त्या खिडकीसमोर कधी रांग नसे. शेजारच्या दोन नंबरच्या खिडकीत तीन वर्षांपूर्वी लागलेली एक मुलगी बसायची, आणि तिच्यासमोरची रांग मात्र पार जिन्यापर्यंत जायची. जावईबापूंना तिची मनापासून कीव येई.

"कामाला उरक लागतो," ते डबा खाताना सांगत. "शिकशील हळूहळू."

"हो सर," ती म्हणायची.

तर अशा या जावईबापूंच्या हातून या वर्षी एक थोर काम झालं. शहरात एक मैलभराचा रस्ता होता. दिवे लागले की तिथे पाय ठेवायला जागा नसायची. बारला लागून बार, त्याच्या वर बार, त्याच्या तळघरात बार. वरच्या मजल्यांवर राहणारी माणसं कानात कापूस घालून जेवायची. शेवटी वरून निर्णय आला : या भागात सहा महिने दारूचा एकही नवा परवाना द्यायचा नाही. आधी आहेत ते मोजू, मग बघू. आदेशाचा मसुदा लिहायचं काम जावईबापूंकडे आलं.

त्यांनी नऊ कलमं लिहिली. त्यातलं सातवं त्यांचं लाडकं : "मुदत संपलेल्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज हा नवीन अर्ज समजण्यात येईल." साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि नुसतं "वा" म्हटलं. सत्तावीस वर्षांत पहिलं "वा".

आदेश लागला आणि जावईबापू स्वतःच्याच लेखणीपुढे थक्क झाले. एक कागद! पण त्या एका कागदाने करवती थांबल्या, रंगारी शिड्यांवरून उतरले, अर्धवट झालेल्या काउंटरांवर चादरी पडल्या. ऑफिसात सहा फुटी माणसं येऊन हात जोडून उभी राहत. जावईबापू कलम सात वाचून दाखवत, आणि ती माणसं आल्या पावली परत जात. देवळातून बाहेर पडावं तसे जावईबापू त्या दिवसांत ऑफिसातून बाहेर पडत.

आणि त्याच आठवड्यात सासूबाई घरी आल्या.

सासूबाईंबद्दल जावईबापूंच्या मनात जे होतं त्याला आदर म्हणणं म्हणजे समुद्राला ओल म्हणण्यासारखं आहे. बाई सव्वापाच फूट. एकतीस वर्षं एकटीने बार चालवलेला, पण ओठाला थेंब लावलेला नाही. काउंटरमागे स्वेटर विणत बसायच्या. कुणाचा आवाज चढला की सुया थांबत. सुया थांबल्या की सहाही टेबलं गप्प. मग त्या न ओरडता विचारत, "घरी कोण वाट बघतंय?" आणि एवढा थोरला गडी मान खाली घालून घराकडे निघे. जावईबापूंनी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि घरी कुणी वाट बघत नसताना तेही उठून निघाले होते. (बायको शेजारीच बसली होती.)

तो बार बरोबर त्या रस्त्याच्या मधोमध होता. परवान्याची मुदत तीस तारखेला, संध्याकाळी पाचला संपत होती.

सासूबाईंनी पर्समधून चार घड्या घातलेला अर्ज काढला. त्यावर अग्निशमन, आरोग्य आणि पोलीस अशा तिघांचे शिक्के होते. ते मिळवायला त्यांना दोन महिने लागले होते.

"तुम्ही जाताच रोज. एवढा द्याल?"

एकतीस वर्षांत या बाईने कुणावर काम सोपवलं नव्हतं! एवढा विश्वास! जावईबापूंनी अर्ज दोन्ही हातांनी घेतला.

आता अडचण बघा. नातेवाइकांचा अर्ज स्वतःच्या खिडकीत घ्यायचा नाही हा नियम. म्हणजे तो दोन नंबरला द्यायचा. आणि खुद्द हेडक्लार्कच्या सासूच्या अर्जाला चार घड्या? त्या पोरीने पाटीकडे बोट दाखवलं असतं तर? इस्त्री फिरवावी तर शिक्क्यांची शाई पसरणार. शेवटी त्यांना युक्ती सुचली. गादीच्या खोळीची चेन उघडून त्यांनी अर्ज एका कोऱ्या फायलीत घालून आत सरकवला, बरोबर आपल्या पाठीखाली. सत्तर किलोंचा दाब, रोज आठ तास.

बारा दिवस जावईबापू कुशीवर वळले नाहीत. छातीवर हात ठेवून सरळ पडून राहायचे. रोज सकाळी चेन उघडून बघायचे. एक घडी गेली, दुसरी गेली. तिसरी मात्र मोठी चिवट निघाली. उठताना पाठ धरायची. "आई गं" म्हणत ते पलंगाच्या कडेला पाच मिनिटं बसून राहायचे. बायकोने विचारलं तर "गादी बोचते" एवढंच सांगायचे. सासूबाईंचं काम आपण किती मन लावून करतो आहोत, हे त्यांना ऐन वेळी दाखवायचं होतं.

तीस तारखेला ते ऑफिसला रिकाम्या हाताने गेले. अर्धा दिवस अजून खोळीत दाबून राहील, दुपारी येऊन नेऊ, असा हिशेब. दोन वाजता घरी आले, आतल्या खोलीत गेले, आणि दारातच थबकले. पलंगावर नवीकोरी, पांढरीशुभ्र, गुबगुबीत गादी होती.

"कशी आहे?" बायको मागून म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "बारा दिवस बघतेय मी, किती सोसताय. जुनी द्या, नवी घ्या अशी योजना होती. सकाळीच टेम्पो येऊन गेला."

"जुनी... दिली?"

"मग काय दोन ठेवायच्या?"

जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. "तिच्यात... अर्ज..."

"कसला अर्ज?"

"आईंचा."

बायको हळूच नव्या गादीवर बसली. मग तिने विचारलं, "आज तारीख काय?"

आज पाचला सासूबाईंचा परवाना संपणार होता. पाचनंतर त्यांचा अर्ज नवा ठरणार होता, आणि नवा परवाना कुणालाच मिळणार नव्हता. एकतीस वर्षांचा बार बंद करणारं वाक्य जावईबापूंनी स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, आणि वर "वा" मिळवलं होतं. ती सहा टेबलं, तो काउंटर, त्या सुया. त्यांना खरोखरच रडू फुटलं. (सासूबाई मग कायमच्या इथेच राहायला येतील, हा विचार जरा उशिरा आला, पण आला तेव्हा रडू आणखी वाढलं.)

बायकोने आईला फोन लावला. पलीकडून फक्त विचारणा झाली, "कुठल्या गादीवाल्याकडे?"

तीन वाजता दोघं गादीवाल्याच्या गोदामात पोचली. जावईबापूंनी आत पाहिलं आणि त्यांचे डोळेच पांढरे झाले. छतापर्यंत गाद्या. गाद्यांच्या भिंती, गाद्यांचे बोळ, आणि बहुतेकांवर तीच निळी फुलं. जगात एवढी माणसं आपल्यासारख्याच गादीवर झोपतात, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"सकाळपासून एकशे बारा आल्यात," गादीवाला म्हणाला. "चार वाजता ट्रक येणार. आता कुठली कुणाची, काय सांगू? शोधता येणार नाही."

तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली. आतून सासूबाई उतरल्या. मागून बारमधली नेहमीची मंडळी : गणिताचे निवृत्त मास्तर, दातांचे डॉक्टर आणि खुद्द टॅक्सीवाला. जावईबापूंनी या तिघांना आजवर फक्त ग्लासासकट पाहिलं होतं. दिवसाउजेडी ते भलतेच कर्तबगार दिसत होते.

गादीवाल्याने सासूबाईंना पाहिलं आणि पायातल्या चपला नीट केल्या. "मावशी? तुम्ही?"

"घरी कोण वाट बघतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणी नाही, मावशी."

"मग ट्रक थांबव."

गादीवाल्याने फोन करून ट्रक थांबवला. मास्तरांनी खडूने जमिनीवर रांगा आखल्या. डॉक्टर आणि टॅक्सीवाला गाद्या खाली ओढू लागले. जावईबापू भराभर चेन उघडू लागले. एक, दोन, सात, बारा. कुणाच्या खोळीत कंगवा, कुणाच्या खोळीत प्रेमपत्र. घड्याळात पावणेचार झाले.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. सगळे थांबले. त्या जावयाकडे वळल्या. "बारा दिवस तुम्ही कसे झोपलात?"

"स-सरळ. हललोच नाही."

"अजिबात?"

"तुमच्या अर्जासाठी, आई."

सासूबाईंनी त्यांना नीट निरखून पाहिलं, आणि मग त्या रांगांमधून चालू लागल्या. चेन उघडत नव्हत्या, नुसता तळहात फिरवत होत्या. एकोणचाळिसाव्या गादीपाशी त्या थांबल्या. गादीच्या एका बाजूला माणसाच्या आकाराचा खड्डा होता. खांदे वेगळे, टाचा वेगळ्या. नाकाएवढी गोष्ट सोडली तर त्यात जावईबापू पूर्ण होते.

"ही," त्या म्हणाल्या.

चेन उघडली. फाईल निघाली. फायलीत अर्ज, आरशासारखा सपाट. एकाही घडीचा मागमूस नाही! मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, डॉक्टरांनी डोळे पुसले. जावईबापू तर हात जोडून उभेच राहिले. हात आपोआप जुळले होते, सासूबाईंसमोर.

सासूबाईंनी अर्ज घेतला, वरून खालून पाहिला, झटकन चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकला.

जावईबापूंचं तोंड उघडं राहिलं.

टॅक्सीत ते पूर्ण वेळ त्या पर्सकडे बघत होते. पाचला दहा कमी असताना सगळे जिना चढले. रांगेतल्या शेवटच्या माणसाने सासूबाईंना पाहून वाट दिली, मग त्याच्या पुढच्याने, मग सगळ्यांनी. दोन नंबरच्या मुलीने अर्ज घेतला, घड्या उलगडल्या, तळहाताने एकदा दाबला, शिक्के पाहिले आणि ठक्कन आपला शिक्का मारला.

"झालं, मावशी."

"आणि घडी?" जावईबापूंच्या तोंडून निघालंच. "घडी चालते?"

मुलीने रांगेकडे पाहिलं, त्यांच्या रिकाम्या खिडकीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "सर, खात्यात असा नियमच नाहीये. ती पाटी फक्त तुमच्या खिडकीवर आहे. म्हणून तर सगळे माझ्याकडे येतात."

जावईबापूंनी आधारासाठी सासूबाईंकडे पाहिलं. निदान त्यांनी तरी आपल्यावर विश्वास टाकला होता.

"मी आले होते हो त्या दिवशी अर्ज घेऊन इथे," सासूबाई पोचपावतीची घडी घालत प्रेमाने म्हणाल्या. "बघते तर हिच्यापुढे जिन्यापर्यंत रांग, आणि तुमच्यापुढे एक माणूस नाही. फार वाईट वाटलं. म्हटलं, जावयाला एक तरी काम देऊ या."