सबनीस शांत होतात

दीनानाथ सबनीसांनी शांत व्हायचं ठरवलं आणि सोसायटीत काळजीचं वातावरण पसरलं.

कारण पनवेलच्या त्या तीन मजली इमारतीत भांडणाचं खातं सबनीसांकडे होतं. बाकीची अकरा बिऱ्हाडं सुशिक्षित आणि भिडस्त. जिन्यातले दिवे, गटाराचं झाकण, गच्चीची डागडुजी, बिल्डरकडून जे काही मिळालं ते सबनीसांच्या आरडाओरड्यामुळे. ते त्या बिल्डरच्या, काशिरामशेठच्या ऑफिसात शिरले की समोरचा पानवाला रेडिओ बारीक करायचा. सबनीसांना याचा फार अभिमान होता. (कचेरीत वीस वर्षं कारकुनी करून त्यांचा आवाज साहेबाच्या केबिनपर्यंत कधी पोचला नव्हता.)

पण डॉक्टरांनी ब्लडप्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं आणि मशीन बदलून तिसऱ्यांदा मोजलं. सबनीसांनी मुकाट्याने योगासनांचा वर्ग लावला. तिथे त्यांनी कोणाशी भांडू नये म्हणून पत्नी आशालताबाई सोबत जाऊ लागल्या. त्या स्वतः कधी आवाज चढवत नसत. एका घरात एक भांडणारा पुरे, असं त्यांचं मत होतं.

तीन महिन्यांत सबनीस ओळखू येईनात. आमटीत मीठ नसलं तरी 'छान आहे' म्हणायचे. एका रिक्षावाल्याला त्यांनी वाटेत क्रोधाचे तोटे समजावले, तर त्याने त्यांना पळस्पे नाक्यावरच उतरवलं. तिथून ते हसतमुखाने घरापर्यंत चालत आले.

आणि ऐन मे महिन्यात पाण्याची मोटर जळाली. बायाबापड्या बादल्या घेऊन तीन मजले चढू लागल्या. सेक्रेटरी उदयसिंहराव हात जोडून आले.

"सबनीस, एकदाच. फक्त अर्धा तास चिडा."

"राग हा माणसाचा शत्रू आहे, उदयसिंहराव."

"असेल हो, पण आमचा तो मित्र होता."

"अहो, जाऊन तर या," दोन भरलेल्या बादल्या खाली ठेवत आशालताबाई म्हणाल्या. सबनीस हसतमुखाने उठले, तेव्हा त्याही एक रिकामी बादली घेऊन सगळ्यांबरोबर निघाल्या.

सबनीसांना बघताच काशिरामशेठनी सवयीने टेबलावरचा काचेचा पेपरवेट खणात टाकला. सबनीस खुर्चीत बसले, डोळे मिटले, उघडले.

"शेठ, मोटर जळाली. हे आपण दोघांनी स्वीकारायला हवं."

"सायेब, बरा वाटत नाय का तुमाला?"

"उत्तम वाटतंय. मोटर काय, तुम्हाला जमेल तेव्हा द्या."

"मंग दिवाळीला बगू," शेठ पहिल्यांदाच मोकळं हसले. "चाय घ्या सगली."

सबनीसांनी विजयी मुद्रेने चहा घेतला. उदयसिंहराव छताकडे बघत राहिले.

तेव्हा आशालताबाई पुढे झाल्या. त्यांनी बादली खाली ठेवली, वर्गात शिकवल्याप्रमाणे पाठ ताठ केली, नाभीपासून श्वास भरून घेतला आणि बोलायला सुरुवात केली. मोटर, बावन्न पायऱ्या, आपली कंबर, सातव्या नंबरातल्या म्हाताऱ्या सुमतीबाई, न लागणारी मोरीची कडी आणि शेठची दिवाळी, सगळं एका श्वासात. सबनीस भांडायचे तेव्हा दर तिसऱ्या वाक्याला धापा टाकायचे आणि तेवढ्यात शेठ 'आयका तर खरा' म्हणून निसटायचे. इथे फटच नव्हती. शेठनी चारदा तोंड उघडलं आणि चारदा मिटलं.

समोरच्या पानवाल्याने रेडिओ बंद केला.

"वयनी, बस करा," शेठ उठून उभे राहिले. "सांजच्याला मोटर लागंल. आमी सोता येतो."

संध्याकाळी नळाला पाणी आलं. सोसायटीने एकमताने भांडणाचं खातं आशालताबाईंकडे दिलं. सबनीसांनी टाळ्या वाजवल्या, पण त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. आपल्या वेळी रेडिओ नुसता बारीक व्हायचा, हे काही डोक्यातून जाईना. जेवताना त्यांनी आमटीचा भुरका मारला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा कपाळाची शीर ताडकन फुगली.

"आमटीत मीठ नाही!" ते कडाडले.

आशालताबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. पाठ ताठ केली. नाभीपासून श्वास घ्यायला सुरुवात केली.

"छान आहे," सबनीस म्हणाले.